ओव्हनच्या तळाचा चंदेरी कागद

बटण दाबलं की ओव्हन लगेच पेटत नसे. आत गॅस नुसता साठत राहायचा आणि मग एकदम ‘भप्प’ करून पेटायचा. परवा त्या भडक्यात शिंपीबुवांच्या भुवया होरपळल्या आणि लेकीचा पारा चढला. “आज दुरुस्त झाला तर ठीक, नाहीतर सरळ भंगारात,” असं बजावत ती मेकॅनिकलाच सोबत घेऊन आली.

भंगाराचं नाव निघताच बुवा ओव्हनजवळ येऊन उभे राहिले. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. लेकीने तिचं कपाट आवरलं, कपडे वाटून टाकले, तेव्हा त्यांनी सगळं होऊ दिलं होतं. पण ओव्हन म्हणजे तिचं राज्य. सुट्टीच्या दुपारी ती केक लावायची आणि शेजारच्या खोलीत मशीनवर बसलेल्या बुवांची शिवण त्या वासाने हमखास वाकडी जायची. ते दिवस आठवले की त्यांना आजही भूक लागे.

मेकॅनिकने खिडकी उघडली, ठिणगी तपासली, गॅस बंद करून आत टॉर्च मारला.

“ठिणगी झकास पडतेय. पण तळाला ही फॉइल कुणी घातली? ही भोकं हवेसाठी असतात. ती बुजली की गॅस नीट पेटत नाही, साठतो आणि मग भडकतो. काढायला लागेल.”

“तो चंदेरी कागद राहू दे,” बुवा म्हणाले. “बाकी काय ते बघा.”

“बाबा, हा काय हट्ट?” लेक वैतागली.

आता सांगणं भागच होतं. “तुझ्या आईने घातलाय तो. कोपरे बघ, उशीच्या अभ्र्यासारखे दुमडलेत. मीच शिकवलं होतं तिला. तिची बोटं फिरलीत त्यावरून.”

लेकीचा राग कुठल्या कुठे पळाला. “मग तुम्हीच काढा,” ती हळूच म्हणाली.

बुवा गुडघ्यांवर बसले. एक कोपरा नखाने अलगद उचलला. खाली दुसरी फॉइल. तिच्याखाली आणखी एक, तिच्यावर जळक्या साखरेचा डाग. त्याखाली अजून थर होतेच.

“दर महिन्याला बदलते म्हणायची!” बुवा ओरडलेच. “मला जन्मभर ऐकवलं, तुम्ही पसारा उचलत नाही, नुसता झाकता. आणि ही बाई बघ, एकावर एक चढवत गेली!”

लेकीला हसू आवरेना. बुवाही पोट धरून हसले. मेकॅनिकने सगळी भोकं मोकळी केली, तळ पुसला, गॅस सुरू केला. बटण दाबताच निळी ज्योत बर्नरभर सरळ धावली. आवाज नाही, भडका नाही.

“चला, भंगार रद्द!” म्हणत लेक वळली. बुवा अजून जमिनीवरच बसले होते, मांडीवर फॉइलचा गठ्ठा आणि डोळ्यांतून पाणी.

“काय झालं, बाबा?”

“एवढ्या वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा तिला पकडलं गं,” ते म्हणाले, “आणि भांडायला ती नाही.”