नामाची जागा

"मोठी मडकं," कार्डावरचं चित्र बघून दुसरीतली चिमी म्हणाली, आणि पुण्याहून आलेल्या वर्षा बेडेकरांनी वहीत फुली मारली.

बाईजा आगिवले खिडकीपाशी बसून जनगणनेचे कागद लावत होती. ती या शाळेची शिक्षिका. शेणव्याच्या अलीकडच्या वाडीतली दोन खोल्यांची शाळा, नोकरीचं तेविसावं वर्ष. पल्स पोलिओ झाला की मतदारयादी, ती झाली की जनगणना. शिकवायचं ते मधल्या वेळात. कुणाच्या वहीत डोकवायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं, पण ती फुली पाहून तिला राहवलं नाही.

"चूक नका धरू, मॅडम. हिच्या घरात मडकं कुणी म्हणत नाही, घागर म्हणतात. शब्द शाळेतला बोलली, पण डोळ्यांपुढे घागरच आहे. म्हणून मोठी."

बेडेकर तिच्याकडे बघतच राहिल्या. घरी एक बोली आणि शाळेत पुस्तकातली मराठी, अशी दुसरी भाषा शिकणारी मुलं नामाला विशेषण कसं जोडतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. महिनाभर त्या चित्रांची कार्डं आणि टेपरेकॉर्डर घेऊन वाड्यावाड्यांवर फिरत होत्या.

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"मी पण तशीच बोलायचे. आश्रमशाळेत छड्या खाऊन सुटलं."

त्या रविवारपासून बाईजा त्यांच्याबरोबर जाऊ लागली. पाय दुखायचे, सुट्टी वाया जायची, तरी जायची. इतक्या वर्षांत तिला काय माहीत आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मार्चमध्ये बेडेकर म्हणाल्या, "शाळेचं तोंड न पाहिलेलं एखादं म्हातारं माणूस हवं. अस्सल घरची बोली."

"माझी आई आहे," बाईजाच्या तोंडून निघून गेलं.

सरळगावला एसटी बदलून दोघी टोकावड्याच्या वरच्या वाडीत पोचल्या. बाईजाची आई बाळी ओसरीत सूप घेऊन नाचणी पाखडत होती. बेडेकरांनी टेप चालू करून तिच्यापुढे ठेवला.

"आजी, तुमच्या लहानपणचं सांगा काहीतरी."

"काय सांगू? आमी लई बारकं व्हतो तवा..."

"आये, आम्ही म्हण. आणि व्हतो नाही, होतो," बाईजा म्हणाली. पाहुण्यांसमोर तिला कसंसंच झालं होतं.

"तवा आमचे घरात धान नाय..."

"नाही."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. लेकीकडे पाहिलं. रागावलेली दिसत नव्हती.

"मंग तूच सांग गो. तुला नीट येतंय."

त्यानंतर ती गप्प झाली ती झालीच. बेडेकरांनी दोन-तीनदा विचारलं, तिनं नुसती मान हलवली. शेवटी त्या बाईजाला म्हणाल्या, "चला, तुमची वाडी तरी दाखवा." टेप बंद करायचा राहून गेला. परत आल्यावर बेडेकरांनी तो तसाच पिशवीत टाकला आणि दोघी निघाल्या. त्या रागावल्या असत्या तर बाईजाला कमी लागलं असतं.

एप्रिलच्या शेवटी बाळी गेली. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. बाईजा पोचली तेव्हा तिचा भाऊ चितेसाठी लाकडं जमवत होता.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पाकीट आलं. आत कॅसेट आणि बेडेकरांची चिठ्ठी. 'आपण बाहेर गेल्यावर तुमच्या आई बराच वेळ बोलल्या आहेत. मला अर्धंही कळत नाही. जसं ऐकू येईल तसं लिहून पाठवाल का? काही सुधारू नका.'

शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली.

शाळा सुटल्यावर तिनं दार लोटलं आणि शाळेच्या टेपवर कॅसेट लावली. आधी तिचाच आवाज आला. आम्ही म्हण. होतो. नाही. घट्ट, कोरडा, पट्टीसारखा. वर्गात आपण अशाच बोलतो का, हे तिला कळेना. मग पावलं लांब गेली, सुपाची सळसळ सुरू झाली आणि आई बोलू लागली. कुणाशी, कोण जाणे. कदाचित कोंबडीशी, कदाचित आपल्याशीच. भरभर, हसत, मध्येच दम खात. तीस वर्षांत बाईजानं आईला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. ती घरी गेली की आई दोन-चार शब्दांतच भागवायची. त्याचं कारण आज तिला कळलं.

ती लिहू लागली. आमी. व्हतो. नाय. एकेक शब्द होता तसा. हात सवयीनं दुरुस्तीला जायचा, ती थांबायची, टेप मागे घ्यायची, पुन्हा ऐकायची.

एका जागी अडली.

"माझी बारकी पिवळी..." आई म्हणत होती आणि पुढे एक शब्द. "...कुठं गेली गो?"

शब्द स्वच्छ ऐकू येत होता. नऊ-दहा वेळा ऐकला. लहानपणी तो कानावर पडला होता, एवढं नक्की. पक्षी? फूल? अंगावरची चिंधी? विशेषणांवरून कळत होतं की ती आहे, लहान आहे, पिवळी आहे, आणि आईची आहे. पण काय, ते आठवेना. भाऊ भिवंडीला यंत्रमागावर हिंदीच बोलायचा. विचारावं असं आईच्या वयाचं वाडीत कुणी राहिलं नव्हतं.

अक्षरं जुळवून तो शब्द लिहिता आला असता. पण अर्थ न कळता मांडला तर तो आपल्या शाळेतल्या कानानं सुधारला जाईल, असं वाटून तिचा हात धजेना. तिनं दोन्ही विशेषणं नीट लिहिली, पुढे एका शब्दापुरती जागा कोरी सोडली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं : मला माहीत नाही.

मग टेप पुढे चालू केला. आई अजून बोलत होती.