अंजिराचं कलम

छावणीतल्या तंबूमागे वस्फिया भाजीचा नवा वाफा करत होती. सीरियातलं घर सुटल्यापासून तिच्या नवऱ्याचा, हिकमतचा, एकच हेका: एका हंगामात निघेल तेच लावायचं, काकडी, मुळा, भेंडी. पानगळीला आपण घरी असू! गेल्या वसंतात तिनं चोरून लिंबाचं रोप लावलं, तर त्यानं ते उपटून फेकलं होतं. "इथं मुळं धरायचीत का तुला?"

आज तो मिरचीची रोपं आणायला गेला आणि अंजिराचं कलम घेऊन आला. आल्या आल्या खोल खड्डा खणू लागला.

वस्फियानं त्याच्या हातातली कुदळ घट्ट धरली.

"अहो, फेका ते! घाला मला शिव्या. पण म्हणा की, पानगळीला घरी जाऊ."

हिकमतनं हळूच तिची बोटं सोडवली.

"पाणी आण," तो म्हणाला.