अस्सल इथल्या तोंडाचं एक वाक्य

"क्याउन," डिम्प्ना काचेमागच्या स्कोनकडे, त्या गोडसर छोट्या पावाकडे, बोट दाखवत म्हणाली. म्हणजे एक द्या. दुकानातल्या मुलीने गोड हसून स्कोन कागदात गुंडाळला आणि इंग्रजीत विचारलं, "आणखी काही?"

झालं! सकाळपासून घोकलेलं सगळं पाण्यात.

डिम्प्ना हॅकेट डब्लिनला बस चालवायची, तिथे सगळं इंग्रजीतच चालतं. पन्नाशी उलटल्यावर आयरिश शिकायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं आणि दोन आठवड्यांची रजा टाकून ती डोनेगॉलच्या किनाऱ्यावरच्या या गावात आली. इथली माणसं भांडतातही आयरिशमध्येच. तिचं मागणं एवढंच होतं, की आपण आयरिशमध्ये बोलावं आणि समोरच्याने आयरिशमध्येच उत्तर द्यावं. एकदा तरी!

बाहेर दगडी भिंतीवर म्हातारा मिकीचा कॉनडी पाइप ओढत बसला होता. इथे आडनाव कोणी विचारत नाही, माणूस बापाच्या नावानेच ओळखला जातो. डिम्प्ना ब्रीज नावाच्या बाईकडे उतरली होती, तिच्या घराला लागूनच त्याचं घर. डिम्प्नाशी तोही इंग्रजीतच बोलायचा. अर्धकच्च्या आयरिशने माझे दात शिवशिवतात, म्हणायचा.

"पुन्हा इंग्रजी?"

"पुन्हा! माझं चुकतं तरी काय?"

"चुकत काहीच नाही गं पोरी. तुझी शिकवणारी बाई तिकडे दक्षिणेच्या केरीची, म्हणून आज क्याउन. रेडिओ ऐकतेस पश्चिमेच्या कॉनेमाराचा, म्हणून काल क्यॉन. इथे आम्ही म्हणतो क्यान. तुझं एकेक वाक्य बारा गावचं पाणी पिऊन येतं. त्या पोरीला वाटतं, जाऊ दे, पाहुणीचे हाल नकोत."

खरं तर तिला राग यायला हवा होता. पण तिला आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. शब्द एक आणि तोंडं तीन! घरी जाताना तिन्ही उच्चार तिने मोठमोठ्याने म्हणून पाहिले. वाटेतल्या मेंढ्यांनाही ऐकवले. त्यातली एक ओरडली तेव्हा, चला, हिने तरी इंग्रजीत उत्तर दिलं नाही, म्हणून ती एकटीच खो खो हसली.

संध्याकाळी तिने कॉनडीला गाठलंच. "सगळं राहू द्या. एकच वाक्य शिकवा, पण अस्सल इथलं."

कॉनडीने पाइप झटकला. "मग मयताच्या घरचं शीक. ते कुणाला चुकलंय? रांगेने जायचं, घरच्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, नी माय लुम दो ह्रिब्लॉज. तुमच्या दुःखाचं मला वाईट वाटतं."

"माय? आमच्या बाई तर मह म्हणतात."

"म्हणू दे बापडीला. पण माझ्या वेळी तू मह म्हणालीस, तर शवपेटीत उठून बसेन, सांगून ठेवतो!"

वाक्य जिभेवर बसेपर्यंत त्याने तिला रोज पिदडलं. ती अंघोळीला वाक्य म्हणे, झोपतानाही म्हणे. मयताचं वाक्य कुणी इतक्या हौसेने पाठ केलं नसेल.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ब्रीज चुलीपाशी डोळे पुसत उभी होती. कॉनडी रात्री झोपेतच गेला होता.

"चल माझ्याबरोबर," ब्रीज म्हणाली. "मयताच्या घरी कुणी परकं नसतं."

कॉनडीच्या स्वयंपाकघरात चहाच्या किटल्या फिरत होत्या, हॅमची सँडविचं फिरत होती, आणि त्याच्या खोड्या आठवून माणसं हसत होती. डिम्प्ना रांगेत उभी राहून मनातल्या मनात वाक्य घोकत होती. तिची तिलाच लाज वाटली. माणूस गेलाय आणि आपल्याला परीक्षेची धाकधूक! पण ते वाक्य आता तिच्याकडे कॉनडीचं म्हणून उरलेलं एवढंच होतं, आणि ते चुकलेलं तिला सहन झालं नसतं.

पेटीशेजारी त्याची म्हातारी बहीण नाब्ला बसली होती. डिम्प्नाने तिचा हात हातात घेतला.

"नी माय लुम दो ह्रिब्लॉज."

नाब्लाने मान वर केली. हात सोडला नाही. मग ती आयरिशमध्ये बोलत सुटली, भरभर, न थांबता. डिम्प्नाला निम्मंअर्धं कळलं. भाऊ, भिंत, पाइप. शेवटचा प्रश्न मात्र पुरता कळला. इथे तो आपल्यातल्याच माणसाला विचारतात.

"कुणाची गं तू?"

"ब्रीजकडची," डिम्प्ना आयरिशमध्ये म्हणाली. आवाज फाटला, पण शब्द नीट आले.

"मग चहा घेतल्याशिवाय जायचं नाही," नाब्ला म्हणाली. तेही आयरिशमध्येच.

डिम्प्नाने हळूच पेटीत पाहिलं. जपमाळ गुंडाळलेले हात होते तसेच होते. कॉनडी काही उठून बसला नाही.