सदऱ्यातली धूळ

लावण्यानं पदर नाकावर ओढून घेतला, मान वळवली आणि गुरुराजचा सदरा परसातल्या धुण्याच्या दगडावर फाडकन झटकला. काहीच उडालं नाही. तिनं पुन्हा झटकला. दगड काळाच्या काळा.

एरवी त्यावर तुसाची नि कोंड्याची फिकट साय धरायची. गुरुराज तमिळनाडूतल्या पापनाशमच्या एका राइस मिलमध्ये सुपरवायझर होता. तांदूळ परदेशी पाठवायची मुभा मिळाल्यापासून मिल अखंड चाले आणि तेव्हापासूनच त्याचा खोकला घरात मुक्कामाला आला होता. लावण्या रसायनशास्त्र शिकलेली. नवऱ्याचा श्वास ऐकत पडायची तिला सवय लागली होती. हल्ली मधूनच उठून ती चिमुरड्या लेकीच्या, सौम्याच्या, छातीलाही कान लावी.

आज मात्र गुरुराज खुशीत होता. लेकीला कडेवर घेऊन तो दारातूनच सांगत होता. तिरुच्चीहून कारखाने तपासणारे सुब्रमण्यम साहेब आले होते. त्यांनी याच्या पट्ट्याला एवढासा पंप अडकवला, कॉलरला गाळणी लावली आणि पाळीभर तसंच फिरवलं. आता गाळणीवर बसलेली धूळ तोलून बघणार. मर्यादेबाहेर गेली, तर मालकांना धूळ ओढणारा मोठा पंखा बसवावा लागणार. कृष्णस्वामी मालक कधीपासून त्याच धास्तीत होते. पण साहेबच म्हणाले, ही धूळ विषारी नव्हे, नुसती त्रासदायक.

“कुणाला त्रासदायक?” लावण्यानं विचारलं.

हसता हसता त्याला ठसका लागला. तिनं सौम्याला त्याच्याकडून काढून घेतलं.

“कालच आयुधपूजा झाली ना तुमच्याकडं?”

झाली की, तो म्हणाला, आणि रंगात आला. छताचे वासे झाडले, यंत्रं धुतली, जमीन पाण्यानं घासली, प्रत्येक यंत्राला चंदनकुंकू लावलं. गड्यांचा उत्साह इतका, की आज सकाळी साहेबांच्या पंपालाही कुणीतरी कुंकू लावून मोकळा झाला.

“मग आजचा दिवस रोजच्यासारखा कसा म्हणायचा?”

गुरुराजनं उगीचच बाहीची घडी सारखी केली. “साहेबांनीही तेच विचारलं. रोज असंच असतं ना, म्हणून.”

“आणि?”

“मालक शेजारीच उभे होते, लावण्या.”

स्वच्छ सदरा तिनं तसाच भिजत घातला.

दिवाळीनंतर निकाल आला. धूळ मर्यादेच्या पुष्कळ आत. मालकांनी सगळ्यांना मैसूरपाक वाटला, पंख्याचा विषय मिटला. गुरुराज खोकत खोकतच पुडा घेऊन घरी आला. लावण्या भांडली नाही. तिनं पुडा फळीवर ठेवला, त्यानं उतरवलेला सदरा उचलला आणि परसात जाऊन झटकला. दगडावर साय पसरली. तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला, तशी ती धावली.

परतली तेव्हा सौम्या दगडापाशी उकिडवी बसली होती. आईला रोज सकाळी दारात तांदळाच्या पिठाचा कोलम घालताना ती टक लावून बघे. आता ती दगडावरची धूळ चिमटीत धरून जमिनीवर ठिपके टाकत होती, अगदी आईसारखी चिमूट सैल सोडत. एक रेघ वाकडी गेली. पोरीनं वाकून तिच्यावर फुंकर घातली. धूळ तिच्याच तोंडावर उडाली, आणि ती खोकू लागली.

लावण्यानं धावत जाऊन तिला सावरलं. मान वर केली, तर दारात गुरुराज उभा. त्यानं सगळं पाहिलं होतं.

“अप्पा, कोलम,” सौम्या म्हणाली आणि उचलून घे म्हणून दोन्ही हात वर केले.

त्याचे हात पुढं आले आणि मध्येच थांबले. मनगटावरच्या केसांत अजून पांढरी भुकटी होती. त्यानं हात पाठीमागं नेले. सौम्या हात वर करून तशीच वाट बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो पुढच्या दारानं आलाच नाही. परसाच्या वाटेनं आला, विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं, आणि मगच लेकीला उचललं. सदरा त्यानं आधीच उतरवून कट्ट्यावर ठेवला होता. एखाद्या भरल्या ताटाला जपावं तसा, अलगद घडी करून. लावण्यानं सवयीनं पदर नाकाशी नेला आणि सदऱ्याकडं हात केला.

“झटकू नको,” तो म्हणाला. “तसाच कागदात गुंडाळ. सकाळच्या गाडीनं तिरुच्चीला जातो. साहेबांना म्हणतो, एकदा न सांगता या.”

“मालकांना सांगितलंत?”

“आल्यावर सांगेन.”

लावण्यानं जुना पेपर पसरला. आठवडाभर आधी तिनं एवढंच मागितलं असतं, देवाजवळसुद्धा. आता मात्र मालकांनी त्याला कामावरून काढलं तर, हेच तिच्या मनात घोळत होतं. तिनं सदरा कागदात ठेवला, चारही बाजू दुमडल्या, फुलं ओवायच्या दोऱ्यानं पुडकं बांधलं. गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

“दहीभात बांधून देऊ?” तिनं विचारलं. “यायला उशीर होईल.”