आजोबांना सांगितलेलं नाव

पोटरीचा लचका तुटला तेव्हासुद्धा क्रिश्पिम "मावशी!" असंच ओरडला. झुल्मिरानं त्याच्या काखेत हात घालून त्याला खाडीच्या काठावर ओढलं. तिच्या लुंगीवर त्याचं रक्त सांडलं, आणि त्या धांदलीतही तिच्या मनात आलं, शाब्बास रे वाघा! कारण ती त्याची मावशी नव्हती. तो क्रिश्पिमही नव्हता. अशा कळा येत असताना माणसाच्या तोंडून आईचं नाव निघतं, आणि हा पठ्ठ्या घेतलेलं सोंग सोडायला तयार नाही!

सोंग असं होतं. वेलाकू गावच्या मार्सियानाला बघायला नवरामुलगा आलाय, सोबत मावशी झुल्मिरा आणि मामा एवारिश्तु. तिमोरात त्या दिवसांत परक्या सत्तेच्या शिपायांच्या परवान्याशिवाय या गावाहून त्या गावाला जाता येत नव्हतं, पण सोयरीक जुळवायला निघालेल्यांना परवाना मिळायचा. खरं काम निराळंच होतं. आहेराच्या ताइश कापडांच्या घड्यांत औषधं होती, आणि ती वेलाकूमागच्या डोंगरात लढणाऱ्या आपल्या पोरांना पोचवायची होती. क्रिश्पिमचं खरं नाव चौकीवाल्यांना तोंडपाठ होतं. हा तोच, हे फुटलं तर तो जाणारच, घरी त्याची आई आणि बहिणीही जाणार.

आरडाओरडा ऐकून गाव गोळा झालं. पुढे आला म्हातारा माउलेकी. मार्सियानाचा चुलत आजा, गावचा शब्द राखणारा, म्हणजे रीतभात आणि न्याय सांगणारा माणूस, तोंडात सुपारी. त्यानं पाय पाहिला, मग पाणी पाहिलं, आणि बाजूला लाल पिंक टाकली.

"आजोबा उगाच चावत नाहीत," तो म्हणाला.

मगर हा शब्द खाडीच्या काठी कुणी तोंडातून काढत नाही. ते आजोबा.

"आमच्या पोरी इथं गुडघाभर पाण्यात भांडी घासतात. आजोबा शेजारी पडून असतात, ढुंकून बघत नाहीत. आणि तुमच्या पाहुण्याचा पाय धरला? काहीतरी केलंय यानं."

"काय करणार हो तो, काका?" एवारिश्तु कळवळून म्हणाला. "भोळा पोरगा आहे. आधी रक्त तरी थांबवू द्या. घरात घ्या त्याला!"

"छपराखाली नाही. आजोबांनी धरलेल्याला छपराखाली घेतलं, तर आजोबा त्या छपरापर्यंत येतात. तिकडे चिंचेखाली ठेवा. काय केलं ते पाण्यासमोर, सगळ्यांच्या देखत कबूल करू दे. तोवर आमच्या चुलीतला निखारा नाही की घोटभर पाणी नाही."

"लग्नाआधीच लंगडा झाला," मार्सियाना घोळक्यातून म्हणाली. बायका फिसकन हसल्या. पण तिचं लक्ष जखमेवर होतं आणि चेहरा उतरला होता.

चिंच ऐन रस्त्याकडेला होती, आणि चौकीची गाडी रोज सकाळी त्याच रस्त्यानं जायची. तिथं तो सकाळपर्यंत राहिला, तर तापानं नाही तर शिपायांच्या हातून, पण मरणार हे झुल्मिराला दिसत होतं. शिवाय प्रत्येक गावात चौकीला बातमी पुरवणारं एखादं तोंड असतं. या घोळक्यात ते कुठलं, कोण जाणे.

एवारिश्तु पूर्वी मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या बांधायचा. त्यानं पाय आवळून बांधला आणि आहेराच्या गाठोड्याकडे हात नेला. क्रिश्पिमनं त्याचं मनगट धरलं.

"ते नको, मामा," तो दात खाऊन पुटपुटला. "ते वरच्यांचं आहे."

"गप रे, मोठा आलाय!" झुल्मिरा खेकसली. डोळ्यांत पाणी आलं म्हणून जरा जास्तच जोरात खेकसली. "वरच्यांना तूही हवायस." आणि घोळक्याकडे पाठ करून तिनं स्वतःच घडी उलगडली.

"अडाणी लेकाचे!" एवारिश्तु कुजबुजला. "माणूस मरतोय आणि यांना कबुलीजबाब हवाय. मी सांगतो, म्हैस चोरली म्हणून सांगून टाकू. सुटेल एकदाचा."

"जीभ आवर. खाडीत उतरताना तू ओठातल्या ओठात काय म्हणत होतास, ते पाहिलंय मी."

एवारिश्तुनं पट्टीची गाठ आवळली. झुल्मिरानं ते ओळखलं, कारण तिनंही तेच केलं होतं. खाडी ओलांडण्याआधी हाक मारून आजोबांना आपलं नाव आणि आपल्या कुळाचं घर सांगायचं असतं, मगच पाय टाकायचा. होडीवाला शेजारी उभा, म्हणून तिघांनीही मोठ्यानं खोटी नावं सांगितली होती. पण झुल्मिरानं आणि एवारिश्तुनं मनातल्या मनात खरी नावंही सांगून घेतली. क्रिश्पिम शहरात वाढलेला. त्यानं खणखणीत आवाजात फक्त खोटं नाव सांगितलं आणि पाण्यात पाय टाकला. माउलेकीचं काय चुकलं? पोरानं खरंच खोटं सांगितलं होतं, तेही आजोबांना. झुल्मिरा नन्सच्या शाळेत शिकलेली, गळ्यात जपमाळ, पण ही गोष्ट तिला त्या जपमाळेइतकीच खरी होती.

आणि आता म्हशीची थाप मारायची? एका खोट्यानं पोटरी गेली, दुसऱ्यानं मुंडकं जाईल.

ती उठली. लुंगी गुडघ्याच्या वर खोचली आणि सरळ पाण्याकडे निघाली.

"ए बाई!" माउलेकी ओरडला. "रक्त पडलंय पाण्यात! कुठं चाललीस?"

"कबुली द्यायला. मावशी आहे मी त्याची. त्याच्या वतीनं मी बोलले तर चालतं ना?"

"चालतं. पण काठावरून बोल! आम्हाला ऐकू यायला हवं."

झुल्मिरा वळली. आवाज खणखणीत निघाला.

"चावा तुम्हाला घेतला का हो, काका? नाही ना? मग ज्यांचा अपराध केला, त्यांनाच सांगते. तुम्ही साक्षीला उभे राहा. ज्याला शब्द न् शब्द ऐकायचा असेल, त्यानं खुशाल माझ्या शेजारी यावं. पाणी सगळ्यांचंच आहे."

कुणीही पुढं सरकलं नाही.

ती कमरेपर्यंत आत गेली. पाणी कोमट होतं, तळाचा चिखल पायाला धरत होता. समोर, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, दोन डोळे वर आले. मागून लांबलचक पाठ. झुल्मिरानं हात जोडले आणि ओठ पाण्याजवळ नेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. पोराचं खरं नाव सांगितलं. बापाचं नाव, कुळाचं घर, ते कुळ कुठल्या डोंगराचं पाणी पितं ते सांगितलं. ते नाव इथंही लिहायचं नाही, ते पाण्यालाच दिलेलं आहे.

"नातू आहे तुमचा," ती म्हणाली. "खोटं बोलला, चुकलाच. माझंही चुकलं, मी त्याला शिकवलं नाही. पण कशासाठी बोलला ते ऐका. जुनी माणसं सांगतात, ही सगळी जमीन म्हणजे तुमचीच पाठ, आजोबा. त्या पाठीवर परके बूट नाचतायत. ते उतरवायला निघालाय हा. अजून राग असेल तर मी उभी आहे, मला धरा. त्याला सोडा."

डोळे तिच्याकडे बघत राहिले. मग पाठ हळूच पाण्याखाली गेली, आणि जरा वेळानं पार पलीकडे, समुद्राच्या तोंडाशी, पुन्हा वर आली.

झुल्मिरा पाण्याकडे तोंड ठेवूनच मागं मागं चालत बाहेर आली. काठाला लागल्यावर मात्र ती मटकन बसली. माउलेकीनं स्वतःच्या खांद्यावरचं ताइश काढून तिच्या अंगावर घातलं.

"ऐकलं त्यांनी," तो गावाला म्हणाला. "उचला पोराला. माझ्या घरात न्या. मार्सियाना, चूल पेटव."

तिनं चूल आधीच पेटवली होती.

सकाळी चौकीची गाडी आली, आणि ती रस्त्यानं पुढं न जाता थेट माउलेकीच्या दारात थांबली. म्हणजे ते तोंड उघडलं होतं. पण त्याला सांगता आलं असेल ते एवढंच, की एक अनोळखी जखमी गावात आहे आणि आजोबांपुढं सांगायचं नाव बाईनं कुजबुजत सांगितलं, म्हणजे त्याचं खरं नाव काही वेगळंच आहे. एवारिश्तुनं घाईनं कोपऱ्यात पाहिलं. आहेराचं गाठोडं तिथं नव्हतं. पहाटे पाण्याला निघालेल्या बायका डोक्यावरून ते कुठंतरी घेऊन गेल्या होत्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

"आत कोण आहे?" शिपायांच्या नायकानं विचारलं.

"आमचा जावई," माउलेकी म्हणाला.

"नाव?"

"क्रिश्पिम."

"ते नको, खरं सांग! काल या बाईनं पाण्याजवळ खरं नाव सांगितलं. सगळं गाव हजर होतं."

"होतं की. मीही होतो." माउलेकीनं सावकाश सुपारीला चुना लावला. "पण नाव आम्हाला नाही सांगितलं, साहेब. आजोबांना सांगितलं."

नायकानं झुल्मिराकडे पाहिलं. ती काही बोलायच्या आत मार्सियाना तिच्यापुढं येऊन उभी राहिली. मग तिची आई. मग काल फिसकन हसलेल्या बायका एकेक करून आल्या, कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात मुसळ. झुल्मिराला त्यांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. आयुष्यात तिनं बरंच काही पाहिलं, पण इतकी ताठ मान तिची कधी झाली नव्हती.

"मग ते नाव मला सांगणार कोण?" नायक गरजला.

माउलेकीनं खाडीकडे हात केला. दोन डोळे पाण्यावर आले होते.

"ते काय, तिथंच आहेत. जाऊन विचारा," तो म्हणाला. "कमरेपर्यंत जावं लागतं. आणि जाताना आपलं नाव खरं सांगा."

नायकानं पाण्याकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं, आणि गाडीत जाऊन बसला.