तिसऱ्यांदा विचारलंच नाही

आर्लनच्या गॅरेजात अ‍ॅशच्या झाडाचा ओंडका दोन वर्षं वाळत पडला होता. कीड लागली म्हणून अंगणातलं झाड पाडावं लागलं, त्याचं हे खोड. लेक सिग्ने लहानपणी त्याच झाडावर सारखी चढून बसायची. आता ती नोकरीसाठी अलास्काला निघाली होती, जूनमध्येच. त्याआधी याच लाकडाचं वल्हं करून तिच्या हातात द्यायचं, हे आर्लननं मनाशी पक्कं केलं होतं. अडलं होतं ते बँडसॉपाशी, ओंडका चिरायचं यंत्र कुठलं घ्यावं यापाशी.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! सुतारकामाच्या क्लबात माणसं पाच आणि मतं सात. एक म्हणे, पहिलाच बँडसॉ ना, चौदा इंची चाकाचा घे. दुसरा म्हणे, त्यात तुझा ओंडका मावायचा नाही. तिसऱ्यानं मोठ्या मोटरचं भूत डोक्यात घातलं. चौथा म्हणे, नव्यात नुसता पत्रा असतो, जुनं बिडाचं यंत्र शोध. आणि आर्लननं स्वतः निवडलेलं यंत्र दाखवलं, की सगळे मान हलवून म्हणत, "वेगळंच आहे हं!" तोंडावर वाईट म्हणायचं नाही अशी रीत असलेल्या इथल्या मिनेसोटात याहून मोठी शिवी नाही.

मे उजाडला आणि शेजारच्या योलांडानं त्याला बोलावलं. ती मूळची टेक्ससची, नवरा रुबेन याच्या नोकरीपायी इकडे आलेली. रुबेन हिवाळ्यात वारला. त्याच्या शेडमध्ये बिडाचा जुना बँडसॉ उभा होता. वरचं चाक बोटानं ढकललं तरी ते आवाज न करता फिरत राहिलं. ओंडका मावून वर चार बोटं उरतील एवढी उंची! आर्लनच्या तोंडाला पाणी सुटलं.

"घेऊन जा हो, आर्लन. पैसेबिसे नकोत."

"छे छे, असं कसं? तुम्हाला लागेल."

"मला? त्यावर काय कांदे चिरू? खरंच न्या."

"नको, नको. उगाच तुम्हाला त्रास."

आता ती तिसऱ्यांदा म्हणेल आणि मग आपण म्हणू, 'बरं, अडगळच होत असेल तर नेतो.' लहानपणापासून तो हेच शिकला होता. पहिल्याच खेपेला हो म्हणतो, तो हावरट. त्यानं कॉफी पुरवून पुरवून प्यायली. चाकाची पुन्हा तारीफ केली. निरोप घेऊनही दारात रेंगाळला. योलांडा "या हं," म्हणाली आणि तिनं दार लावलं.

"कितीदा विचारलं तिनं?" घरी बायकोनं, मार्लिसनं, विचारलं.

"दोनदा."

"अरे, ते लोक एकदाच विचारतात! दुसऱ्यांदा विचारलं हे उपकार समज. भीड भिकेची बहीण म्हणतात ती हीच. जा परत."

"आणि काय, मागू? लाज नाही वाटायची?"

शनिवारी योलांडानं कुंपणावरून हाक मारली. जरा हात लावायला या, म्हणाली. शेडपाशी पिकअप उभी होती आणि शिकागोहून नुकताच राहायला आलेला एक तरुण बाह्या सरसावून उभा होता. बँडसॉ नेतोस का म्हटल्यावर त्यानं पहिल्याच खेपेला हो म्हटलं होतं. हातातोंडाशी आलेला घास आर्लननं आपल्याच खांद्यानं दुसऱ्याच्या गाडीत चढवला. संताप संताप झाला त्याचा. त्या पोरावर, टेक्ससवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

गाडी वळणाआड गेली. योलांडा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुम्हाला हवा होता की काय?"

"वाईट नव्हता."

"हवा होता का, ते सांगा!"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो."

"कधी?"

"तिसऱ्यांदा विचारलंत की."

योलांडानं कपाळावर हात मारला. "दोनदा नको म्हटल्यावर तिसऱ्यांदा विचारायचं? आमच्याकडे त्याला छळ म्हणतात!"

आर्लननं घरी येऊन आजोबांची करवत काढली. दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची ती. एकट्यानं ओढली की पातं वाकायचं, अडकायचं. संध्याकाळपर्यंत जेमतेम वीतभर चीर पडली, तीही तिरकी. डोळे चुरचुरत होते ते घामानं की रडू येत होतं म्हणून, त्याचं त्यालाच कळेना.

मार्लिस दारात येऊन उभी राहिली. "मदत करू?"

"नको, नको. होईल."

मार्लिस इथलीच. ती आणखी दोनदा विचारणार, हे ठरलेलंच होतं. पण तिनं पुन्हा तोंड उघडायच्या आत आर्लन म्हणाला, "ये. ते टोक धर."