नागोयाचं तिकीट आणि माझं भरलेलं पोट

मी एक जुना बटणांचा मोबाइल आहे. खरं सांगू, मित्रांनो? हे मी लिहिणारच नव्हतो. एकेका बटणावर तीन-तीन, चार-चार अक्षरं. एक शब्द जुळवायचा तर पंधरा वेळा टकटक. लिहायला मला कुणी शिकवलंही नाही. स्क्रीनवर जे येत गेलं ते वाचून वाचून शिकलो. म्हणून थोडं टाइप करतो, थांबतो, परत करतो. आणि दुसरं कारण म्हणजे या गोष्टीत थोडी चूक माझीही आहे. पण ज्या संध्याकाळी हे झालं, ती डोक्यातून जातच नाही. म्हणून लिहितोय.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. डोळे उघडले ते भोपाळच्या जवाहर चौकातल्या एका दुकानात, काचेच्या कपाटात. तिथून मला लीलाताईंनी उचललं. अकरा वर्षं झाली त्याला. लीलाताई म्हणजे सुमित्राची मोठी बहीण. नवऱ्याच्या नोकरीसाठी जपानला नागोयाला गेल्या, नवरा वारला, मूलबाळ नाही, तिथेच एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम करत राहिल्या. भोपाळला त्यांची ती शेवटची चक्कर. जाताना मला सुमित्राच्या हातात ठेवून म्हणाल्या, "फोन महाग पडतो गं. मी मेसेज करत जाईन. तू नुसता वाचत जा."

सुमित्राला मी नावानेच हाक मारतो, आमची तेवढी दोस्ती आहे. इंद्रपुरीच्या त्या घरात माझी फार चलती होती. एकदा गच्चीवरून खाली पडलो, तीन तुकडे झाले. सुमित्राचे यजमान उदयराव, जवळच्या मोठ्या कारखान्यात इंजिनीयर. त्यांनी तिन्ही तुकडे जुळवले, बटण दाबलं आणि मी परत चालू! "असा माल आता बनत नाही," ते शेजाऱ्यांना म्हणाले होते. माझी छाती फुगली होती.

पण माझं खरं काम लीलाताईंचे मेसेज सांभाळणं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या त्या. "आज इथे मेथी मिळाली. दुकानातच रडू आलं." "छोटा भूकंप. एक कप फुटला. मी ठीक." "सुमे, तुला आईचा आवाज आठवतो का? मला आज आठवेना." सुमित्राने एकही मेसेज कधी पुसला नाही. माझ्या पोटात दोनशे मेसेज मावतात. ते दोनशेच्या दोनशे भरले. पोट भरलं की नवीन काही आत येत नाही, नुसतं पाकिटाचं चित्र लुकलुकतं. हे मी मोठ्याने ओरडून सांगायला हवं होतं. पण तोवर सुमित्राच्या मुलाने, तुषारने, आईला मोठा स्क्रीनवाला फोन आणून दिला, नंबरही नवा. बहिणी आता व्हिडिओवर बोलायला लागल्या. मी ड्रॉवरमध्ये गेलो. बॅटरी मेली, तरी कान उघडे राहिले. रबरबँड, अर्धवट मेणबत्त्या, जुन्या लग्नपत्रिका आणि मी. सिम माझ्यातच राहिलं. "असू दे, बँकेच्या कामाला लागेल," उदयराव म्हणाले होते आणि अधूनमधून रिचार्ज करत राहिले.

आता माइल्सची गोष्ट. नोकरीच्या शेवटच्या तीन वर्षांत उदयरावांना कंपनीने पूर्वेकडच्या एका देशातल्या वीज प्रकल्पावर पाच-सहा वेळा पाठवलं. जितकं उडाल तितके माइल्स विमान कंपनी तुमच्या खात्यात टाकते. पुढे त्या माइल्सवर सीट मिळते, टॅक्स तेवढा खिशातून भरायचा. खातं उघडताना उदयरावांनी नंबर दिला तो माझा. का, तर "मी साइटवर, माझा फोन तिकडे लागत नाही, घरचा नंबर बरा." दुसरा कुणी असं करणार नाही. पण आमच्याकडे गॅसपासून शाळेपर्यंत सगळीकडे घरचा नंबर म्हणजे सुमित्राचा नंबर!

माइल्स लोणच्यासारखे टिकत नाहीत, मित्रांनो, दुधासारखे नासतात. उदयरावांचे एक लाख चार हजार माइल्स तीस सप्टेंबरला संपणार होते. आणि ऑगस्टमध्ये लीलाताईंचा निरोप आला. हृदयाची मोठी शस्त्रक्रिया, अकरा ऑक्टोबरला. हॉस्पिटलवाले म्हणतात, घरचं कुणीतरी जवळ हवं. घरचं म्हणजे जगात एकच माणूस. सुमित्रा.

तुषारने पासपोर्ट, व्हिसा सगळं धावपळ करून केलं. पैशाचं तिकीट या घराला झेपणारं नव्हतं. सगळी आशा माइल्सवर. तुषारला यातलं काही कळत नव्हतं. महिनाभर व्हिडिओ बघून शिकला. माइल्सवाल्यांसाठी विमानात मोजक्याच सीट असतात, आज दिसते ती उद्या नसते, हे त्याला समजलं होतं. एकोणीस सप्टेंबरला त्याला सीट दिसली. दिल्लीहून टोकियो, टोकियोहून नागोया, सात ऑक्टोबर.

"बाबा, करू?"

"पितृपक्षात?" उदयराव म्हणाले. "पितृपक्षात नवीन काही घेत नाही आपण. घटस्थापनेला कर."

"घटस्थापना तीन ऑक्टोबरला आहे. माइल्स तीसला मरतायत!"

"मरतायत काय बोलतोस रे? इतक्या मोठ्या ऑपरेशनच्या कामाला जायचंय. त्याला अपशकुन नको."

शेवटी तडजोड झाली. तीस तारखेला त्रयोदशी, उदयरावांच्या वडिलांचं, म्हणजे दत्तात्रय आजोबांचं श्राद्ध. "दादांचं पान वाढलं, ते तृप्त झाले, की त्याच दिवशी संध्याकाळी तिकीट काढ. मग त्यांचाच आशीर्वाद." ड्रॉवरमध्ये मला सुमित्राच्या बांगड्यांचा आवाज आला, हात एकावर एक घट्ट धरल्यासारखा.

तीस तारीख उजाडली. गच्चीवर पान ठेवलं. कावळा येईना. साडेबारा, एक, सव्वा. गुरुजी जांभया द्यायला लागले. उदयराव गच्चीत हात जोडून, "दादा, काय राहिलं? सांगा तरी." पावणेदोनला कुठून तरी एक कावळा आला, वडा उचलून उडाला. मग पंगत. तुषारला रजा नव्हती. करोंदच्या धान्य मंडीत तो एका आडत्याकडे कॉम्प्युटर बघतो आणि सोयाबीनची आवक सुरू झाली होती. घरी आला तेव्हा सात वीस.

"आरामात कर," उदयराव म्हणाले. "बारापर्यंत वेळ आहे."

तुषार लॅपटॉप उघडून बसला. पाच मिनिटं नुसती टकटक. मग खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज.

"बाबा... ही कंपनी जपानी, आपल्या घड्याळाने चालत नाही. तिकडे साडेतीन तास पुढे आहे. त्यांचे बारा म्हणजे आपले साडेआठ!"

सात पस्तीस झाले होते.

सात तारखेची सीट गेली होती. आठ तारखेलाही काही नाही. सहाला होती. एकच. परतीची बारा नोव्हेंबर. तुषारने भराभर नाव भरलं आणि स्क्रीनवर आलं की नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, तो टाका.

"कुठला मोबाइल?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग ड्रॉवर खेचला गेला.

मित्रांनो, दोन वर्षांनी उजेड बघितला मी, पण मेलेल्या बॅटरीने. बटण दाबलं, काही नाही. माझा बारीक पिनचा चार्जर घरात कुठेच नाही. सुमित्रा शेजारच्या सुरुचीकडे धावली, रिकाम्या हाताने परत आली.

"नंबर बदलून टाक ना खात्यातला!" उदयराव म्हणाले.

"तो बदलायलाही ओटीपी याच्यावरच येतो, बाबा."

"मग सिम काढ, तुझ्यात घाल."

"मोठं सिम आहे. कापावं लागेल. कापताना चिप गेली तर खेळ खल्लास, यार."

'यार' वडिलांना म्हटलं गेलं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. उदयराव एकदम उठले. आतून पक्कड आणली, एका जुन्या चार्जरची वायर कापली, दातांनी सोलली. माझी बॅटरी बाहेर काढली, लाल तार एका टोकाला, काळी दुसऱ्याला लावून अंगठ्याने दाबून धरली. (तुम्ही हे अजिबात करू नका. त्यांचं आयुष्य विजेत गेलंय.) दहा मिनिटं ते हलले नाहीत. फक्त एकदा पुटपुटले, "सुमे, मी एकोणीसलाच करू द्यायला हवं होतं."

"बोलू नका. तार हलेल," सुमित्रा म्हणाली.

बॅटरी परत माझ्यात आली. मी चालू झालो! बॅटरीची एकच कांडी. खिडकीशी नेलं तेव्हा रेंजही आली. आठ वाजून दोन मिनिटं. तुषारने पुन्हा ओटीपी मागवला.

आला नाही. परत मागवला. नाही.

"टॉवर नाही का?" तुषारने विचारलं.

"आहे ना. हे बघ, पाकीट लुकलुकतंय," उदयराव म्हणाले.

सुमित्राने मला हातात घेतलं आणि तिचा चेहरा उतरला. "याचं पोट भरलंय. ताईचे मेसेज आहेत. दोनशे."

ओटीपी दारात उभा होता आणि मी त्याला आत घेऊ शकत नव्हतो. मला किती लाज वाटली, कसं सांगू!

सुमित्राने एक मेसेज उघडला. मेथीचा. बघितला, पुसला. मग कपाचा. असे पाच पुसले. प्रत्येक वेळी माझ्या अंगातून काहीतरी उपटल्यासारखं झालं. पाच जागा झाल्या. आणि लगेच टुंग, टुंग, टुंग. पाच मेसेज आत घुसले. कर्ज हवंय का? रिचार्ज करा. सोन्यावर सूट. कधीचे बाहेर ताटकळलेले, आधी तेच शिरले. पाकीट परत लुकलुकायला लागलं.

"अरे देवा," सुमित्रा म्हणाली. "या फालतू लोकांसाठी घालवले मी ते?"

आठ अकरा. बॅटरीची कांडी पिवळी झाली होती. तुषारने मला घ्यायला हात पुढे केला. "आई, एकेक नाही जमणार. सगळे एकदम पुसायचं बटण आहे यात." मग आवाज खाली आणून, "थांब, मी माझ्या फोनने फोटो काढतो काही..."

"एकेक फोटोला वेळ कुठे आहे? आणि लॅपटॉपला नेट तुझ्याच फोनवरून आहे ना? तो हलवायचा नाही," सुमित्रा म्हणाली.

"मग?"

सुमित्राने मला दोन्ही हातांत धरलं. इतकं जवळ, की तिचा श्वास माझ्या स्क्रीनवर बसला. तिने शेवटचा एक मेसेज उघडला. काय होता तो मी सांगणार नाही, तो त्या दोघींचा आहे. मग बटण शोधलं. मी विचारलं, माझं कामच ते, "सर्व संदेश पुसायचे?"

"अगं, थोडं थांबून बघू का..." उदयराव म्हणाले.

"किती थांबायचं हो? कावळ्यासाठी थांबले, त्रयोदशीसाठी थांबले. माझी ताई तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर एकटी झोपणार आहे. तीच राहिली नाही तर हे वाचून काय करू मी?"

आणि तिने 'हो' दाबलं.

मित्रांनो, मी रिकामा झालो. ताईंचे उरलेले एकशे पंच्याण्णव मेसेज, नऊ वर्षांचे, एका श्वासात. पुढे काय झालं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, फक्त आकडे आहेत. आठ पंधराला पहिला ओटीपी आला, तो शिळा होता. आठ सोळाला दुसरा, तोही शिळा. "नवा मागव!" उदयराव ओरडले. आठ अठराला तिसरा.

सुमित्रा एकेक आकडा मोठ्याने वाचत होती, तुषार टाइप करत होता. "चार. शून्य. नऊ." "पुढे?" "नऊ." "दुसरा नऊ?" "हो रे बाबा, दुसरा नऊ! सात. एक." स्क्रीनवर गोल फिरत राहिलं. फिरतच राहिलं. आणि माझी कांडी गेली. मी बंद पडलो, त्यामुळे पुढचा मेसेज मला तेव्हा वाचता आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदयराव जवाहर चौकात जाऊन बारीक पिनचा चार्जर घेऊन आले. पितृपक्ष चालूच होता. तरी घेतला. मी चालू झालो आणि पहिला मेसेज वाचला. तिकीट पक्कं. सहा ऑक्टोबर, प्रवासी सुमित्रा. मी तो कितीतरी वेळ स्क्रीनवर धरून ठेवला.

आज पाच तारीख आहे. पलंगावर बॅग उघडी आहे. सुमित्रा मेथी वाळवून नेतेय. उदयराव तिसऱ्यांदा विचारतायत, "टोकियोला उतरल्यावर कुठे वळायचं, पाठ म्हणून दाखव." ती म्हणते, "मी काय शाळेत आहे का?" आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार आहे ती. मला सोबत नेता येत नाही, माझ्यासारख्या फोनला तिकडे टॉवरच मिळत नाही. लीलाताईंचं काय होईल, मला माहीत नाही. कुणालाच नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या ड्रॉवरमध्ये माझ्यासारखा कुणी असेल. त्याला कधीतरी बाहेर काढा, चार्ज करा, त्याच्या पोटात काय आहे ते बघा. जपून ठेवण्यासारखं असेल तर वहीत उतरवून घ्या. आणि कुणाकडे जायचं असेल तर चांगल्या दिवसाची वाट बघू नका.

संध्याकाळी सुमित्रा माझ्याजवळ येऊन बसली. मला पुसलं आणि हळूच म्हणाली, "ताईला बरं व्हायला वेळ लागला, तर परतीची तारीख बदलावी लागेल. तेव्हा ओटीपी तुझ्याकडेच येणार."

बोलता येत नाही मला, म्हणून इथे लिहितो. सुमित्रा, तू माझी सगळ्यात जुनी मैत्रीण. ताईजवळ लागतील तितके दिवस रहा, घाई करू नकोस. तुझा निरोप येईल त्या घटकेला मी चालू असेन, हा माझा शब्द.